जागा पाहून बंध सांगताना

१८७१ साली दिमित्री मेंडेलीव्ह यांनी तोवर कोणीही न पाहिलेल्या एका मूलद्रव्याचे वर्णन छापले. त्यांच्या सारणीत सिलिकॉनच्या खाली आणि कथिलाच्या वर एक घर रिकामे राहत होते. त्या घरात जे बसेल त्याला त्यांनी ‘एका-सिलिकॉन’ म्हटले. अणुभार, घनता, रंग हे तर सांगितलेच, पण पुढे जाऊन हेही लिहिले की याचे क्लोराइड द्रवरूप असेल आणि १०० अंश सेल्सिअसच्या थोडे खाली उकळेल. १८८६ मध्ये जर्मनीत क्लेमेन्स विंकलर यांना चांदीच्या एका खनिजात हे मूलद्रव्य सापडले. त्यांनी त्याला जर्मेनिअम नाव दिले. त्याचे क्लोराइड खरोखरच द्रव निघाले आणि ८६ अंशांना उकळले.

हे भाकीत केले तेव्हा इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता. तो १८९७ चा. आयनिक आणि सहसंयुज हा भेद करणारे सिद्धान्त तर त्याहूनही पुढचे. मेंडेलीव्ह यांच्याजवळ एकच साधन होते, ते म्हणजे शेजार. वरच्या घरातल्या सिलिकॉनचे टेट्राक्लोराइड सुमारे ५८ अंशांना उकळते, खालच्या कथिलाचे ११४ अंशांना. आजचे हे आकडे घेऊन सरासरी काढली तर बरोबर ८६ येते. बंध म्हणजे काय हे कळण्याच्या कितीतरी आधी, एका संयुगातला बंध कोणत्या जातीचा असेल हे माणसाने सारणीतल्या जागेवरून सांगितले होते.

बंध ओळखण्याची आपली रीत मात्र याहून बरीच आखूड झाली आहे. धातू आणि अधातू एकत्र दिसले की आयनिक, दोन्ही अधातू असले की सहसंयुज, दोन्ही धातू असले की धातुबंध. महाविद्यालयात यात एका आकड्याची भर पडते: विद्युतऋणतेतला फरक १.७ च्या वर गेला की आयनिक, खाली राहिला की सहसंयुज. परीक्षेत यावर भागते, कारण प्रश्नपत्रिकेत मीठ, पाणी, मिथेन आणि अमोनिया यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. पण एखाद्या जिज्ञासू मुलाने सारणीतली कोणतीही दोन घरे निवडली आणि ‘यांचे काय?’ असे विचारले, की हे नियम दर चार पावलांवर ठेचकाळतात. मग अपवादांची यादी पाठ करावी लागते, आणि रसायनशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे या समजुतीला बळ मिळते.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. बंधाचा प्रकार दोन मूलद्रव्यांच्या सारणीतल्या जागांवरून ठरतो, आणि त्यांच्या विद्युतऋणतेतला फरक हा त्या जागांचा फक्त अर्धा हिशेब आहे. उरलेला अर्धा हिशेब मांडला की अपवाद म्हणून पाठ केलेल्या पुष्कळ गोष्टी नियमात बसतात. ज्या तरीही बसत नाहीत, त्या का बसत नाहीत हेही समजते.

आधी सारणी काय सांगते ते पाहू. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकातला धनप्रभार घरागणिक एकाने वाढतो. मुख्य गणांत नवे इलेक्ट्रॉन मात्र त्याच बाह्यतम कवचात भरत जातात. त्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरची केंद्रकाची पकड घट्ट होत जाते आणि अणू आकसतो. गणात खाली उतरताना दर पायरीला एक नवे कवच चढते, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातात आणि पकड सैल होते. म्हणून राजवायू बाजूला ठेवले तर सारणीची दोन टोके उघड दिसतात. खाली डावीकडे सिझिअम, ज्याची पकड सर्वांत सैल. वर उजवीकडे फ्लुओरीन, ज्याची पकड सर्वांत घट्ट. कोणतेही संयुग या दोन टोकांच्या संदर्भात वाचायचे असते.

इथे एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेला बरा. सोडिअमला इलेक्ट्रॉन ‘द्यायचा असतो’ आणि क्लोरीनला तो ‘हवा असतो’, अशी भाषा वर्गात सर्रास चालते. हिशेब वेगळे सांगतो. सोडिअमच्या एक मोल वायुरूप अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल खर्च येतो. ते इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंना मिळाले की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा तोटाच होतो. तो भरून निघतो तो आयन जवळ येऊन स्फटिकात ओळीने बसतात तेव्हा: मिठाची जालक ऊर्जा मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल आहे. आयनिक बंध टिकतो तो या रचनेच्या जोरावर. आणि सोडिअम दुसरा इलेक्ट्रॉन का सोडत नाही? तो आतल्या कवचातला असतो आणि त्याला ४५६२ किलोज्यूल लागतात. एवढी उधारी कोणताही स्फटिक फेडू शकत नाही. पहिल्या गणातल्या धातूंचे आयन एकाच धनप्रभाराचे का, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

आता तिसऱ्या आवर्तात डावीकडून उजवीकडे चालत जाऊ आणि प्रत्येक घराचे क्लोराइड पाहू. सोडिअम क्लोराइड ८०१ अंशांना वितळते आणि वितळल्यावर वीज वाहून नेते. मॅग्नेशिअम क्लोराइड ७१४ अंशांना वितळते, तेही वीज वाहते. पुढच्या घरात ॲल्युमिनिअम आहे. हाही धातूच, पण त्याचे निर्जल क्लोराइड साधारण १८० अंशांना न वितळता थेट वाफ होते, आणि त्या वाफेत दोन ॲल्युमिनिअम आणि सहा क्लोरीन असलेले सुटे रेणू असतात. सिलिकॉनचे क्लोराइड पाण्यासारखे पातळ. फॉस्फरसचे ट्रायक्लोराइड ७६ अंशांना उकळणारा द्रव. शेवटी क्लोरीन स्वतः, उणे ३४ अंशांना उकळणारा वायू. विद्युतऋणतेतला फरक या वाटेवर २.२३, १.८५, १.५५, १.२६, ०.९७ असा पायरी पायरीने उतरतो. गुणधर्म मात्र पायऱ्यांनी उतरत नाहीत. मॅग्नेशिअम आणि ॲल्युमिनिअम यांच्या मध्ये ते एकदम कोसळतात. धातू-अधातूचा नियम ॲल्युमिनिअमपाशीच मोडतो. १.७ चा आकडा इथे लागू पडलेला दिसतो, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांचा त्याच्यावर नको तितका विश्वास बसतो.

हा आकडा आला कुठून? १९१६ मध्ये गिल्बर्ट लुईस यांनी इलेक्ट्रॉनांच्या सामाईक जोडीची कल्पना मांडली. त्याच वर्षी वाल्टर कोसेल यांनी इलेक्ट्रॉनांच्या पूर्ण हस्तांतरावर आधारलेला आयनिक बंधाचा विचार मांडला. ही दोन टोके झाली. त्यांच्या मधला प्रदेश मोजायचे काम लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये हाती घेतले. त्यांच्या लक्षात आले की दोन वेगळ्या अणूंमधला बंध त्या दोघांच्या स्वतःच्या बंधांच्या सरासरीपेक्षा बहुधा जास्त बळकट असतो. हे जास्तीचे बळ जितके मोठे, तितकी दोघांची इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद असमान. या जास्तीच्या बळावरून त्यांनी विद्युतऋणतेची मोजपट्टी तयार केली. आज तिच्यावर फ्लुओरीन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, सोडिअम ०.९३ आणि सिझिअम ०.७९ असे आकडे आहेत. फरकावरून आयनिकतेचा टक्का सांगणारा एक वक्रही त्यांनी दिला. त्या वक्रावर १.७ पाशी टक्का ५० च्या आसपास येतो, इतकेच त्या आकड्याचे मूळ. तो अंदाजाचा मध्यबिंदू होता, पाठ्यपुस्तकांनी त्याची सरहद्द केली. हायड्रोजन फ्लुओराइडमध्ये फरक १.७८ आहे. वक्राप्रमाणे आयनिकता ५५ टक्के यायला हवी, पण द्विध्रुव आघूर्ण मोजून काढली तर ती ४१ टक्क्यांच्या जवळपास येते. आणि हा पदार्थ साडेएकोणीस अंशांना उकळतो. त्याला आयनिक म्हणायला कोणी धजावणार नाही.

फरक अपुरा का पडतो, हे सर्वांत साध्या उदाहरणात दिसते. तांब्याच्या तारेत तांब्याशेजारी तांबेच असते, फरक शून्य. क्लोरीन वायूच्या रेणूत क्लोरीनला क्लोरीनच जोडलेला असतो, फरक शून्य. एक पदार्थ १०८५ अंशांना वितळणारा लाल धातू, दुसरा नाक झोंबवणारा हिरवट वायू. केवळ फरक पाहणाऱ्याला हे दोन सारखेच दिसतील. भेद आहे तो सरासरीत: तांब्याची विद्युतऋणता १.९०, क्लोरीनची ३.१६. दोन्ही अणूंची पकड सैल असेल तर इलेक्ट्रॉन सगळ्या स्फटिकाचे होतात आणि धातुबंध तयार होतो. दोन्हींची पकड घट्ट असेल तर इलेक्ट्रॉनांची जोडी त्या दोघांमध्येच अडकून राहते आणि सहसंयुज बंध होतो.

हीच कसोटी पुढे लावून पाहू. सोडिअम हायड्राइडमध्ये फरक १.२७, सिलिकॉन टेट्राक्लोराइडमध्ये १.२६. दुसरे ५८ अंशांना उकळणारा द्रव, पहिले मिठाच्याच रचनेचा आयनिक घन पदार्थ. सरासरी पाहा: पहिल्याची १.५७, दुसऱ्याची २.५३. मॅग्नेशिअम ऑक्साइड आणि सिलिकॉन टेट्राफ्लुओराइड ही जोडी तर आणखी बोलकी आहे. फरक अनुक्रमे २.१३ आणि २.०८, दोन्ही १.७ च्या बरेच वर. मॅग्नेशिअम ऑक्साइड २८०० अंशांच्याही वर वितळते, म्हणून भट्ट्यांच्या अस्तराच्या विटांत वापरतात. सिलिकॉन टेट्राफ्लुओराइड हा वायू आहे. पहिल्याची सरासरी २.३८, दुसऱ्याची २.९४. फरक सारखा असताना सरासरी जितकी वर चढते, तितके संयुग सहसंयुज टोकाकडे झुकते.

हा दुहेरी हिशेब एका आकृतीत मावतो. १९४० च्या दशकात व्हान आर्केल आणि केटेलार या डच रसायनशास्त्रज्ञांनी बंधांचा त्रिकोण मांडला. पुढे त्याच्या बाजूंना विद्युतऋणतेचे आकडे बसवले गेले: आडव्या अक्षावर सरासरी, उभ्या अक्षावर फरक. खालच्या डाव्या कोपऱ्यात सिझिअम धातू, खालच्या उजव्या कोपऱ्यात फ्लुओरीन वायू आणि माथ्यावर सिझिअम फ्लुओराइड. धातुबंध, सहसंयुज बंध आणि आयनिक बंध ही त्या त्रिकोणाची तीन टोके आहेत. खरी संयुगे बहुतेक आतल्या प्रदेशात राहतात. सोने आणि सिझिअम यांचे संयुग इथे नीट समजते. दोघेही धातू, म्हणून नियम धातुबंध सांगतो. पण सोन्याची विद्युतऋणता २.५४ आहे, जवळजवळ आयोडिनइतकी. सिझिअमशी फरक १.७५ भरतो आणि सरासरी अवघी १.६७ राहते. प्रत्यक्षात हे संयुग आयनिक आहे आणि त्यात सोने ऋण आयन होऊन बसते.

पण सारणीतली जागाही सगळे सांगत नाही, हे या प्रस्तावनेतच कबूल केले पाहिजे. युरेनिअम आणि फ्लुओरीन ही जोडी घ्या. फरक २.६०, मिठापेक्षाही जास्त. युरेनिअम टेट्राफ्लुओराइड अपेक्षेप्रमाणे घन आहे आणि १०३६ अंशांना वितळते. त्याच दोन मूलद्रव्यांचे हेक्साफ्लुओराइड मात्र साडेछप्पन्न अंशांना थेट वाफ होते. युरेनिअमच्या समृद्धीकरणासाठी सेंट्रिफ्यूजमध्ये हाच वायू फिरवतात. फरक तोच, सरासरी तीच. बदलली ती संयुजा. कथिलाचेही तसेच: डायक्लोराइड घन, टेट्राक्लोराइड हवेत धुमसणारा द्रव. काझिमिर फायान्स यांनी १९२३ मध्ये याचे सूत्र सांगितले. धन आयन जितका लहान आणि त्याच्यावरचा प्रभार जितका मोठा, तितका तो शेजारच्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन-ढग आपल्याकडे ओढून विकृत करतो आणि बंध सहसंयुजतेकडे सरकतो. शिवाय मधल्या अणूभोवती चार किंवा सहा अणूंचा वेढा पडला की रेणू स्वतःपुरता पूर्ण होतो, शेजाऱ्याला धरून ठेवायला जागा उरत नाही. म्हणून सारणीला विचारण्याआधी संयुजा विचारावी लागते.

दुसरी सावधगिरी वितळण्याबाबतची. कार्बन आणि सिलिकॉन एकाच गणातले, दोघांची ऑक्साइडे सहसंयुज. कार्बन डायऑक्साइडचा बर्फ उणे ७८ अंशांना उडून जातो, आणि वाळूतले क्वार्ट्झ वितळवायला १७०० अंशांच्या आसपास जावे लागते. कार्बन डायऑक्साइडमध्ये सुटे रेणू एकमेकांपासून दूर होतात, आतला बंध शाबूत राहतो. क्वार्ट्झमध्ये सुटे रेणूच नाहीत, म्हणून वितळताना बंधच तोडावे लागतात. ‘सहसंयुज म्हणजे लवकर वितळणारे’ हे वाक्य म्हणूनच वहीतून खोडून टाकावे.

हे सगळे एकाच जागी पाहायचे असेल तर कल्हईच्या भट्टीपाशी जावे. आता ती क्वचित दिसते, पण तिच्यात बंधांचे तिन्ही प्रकार राबत असतात. तांब्या-पितळेचे भांडे तापले की कल्हईवाला त्यात नवसागराची पूड टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने घासतो. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड: नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन. धातूचा एकही अणू नाही, तरी पदार्थ आयनिक. अमोनिअम आयनाच्या आत नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यात सहसंयुज बंध, आणि त्या आयनाचे क्लोराइडशी नाते आयनिक. तापल्यावर त्याची फोड होऊन अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू सुटतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा काळा थर खाऊन टाकते. उरलेले वायू वर थंड हवेत गेले की पुन्हा जुळतात, आणि आपल्याला दिसतो तो पांढरा धूर तयार होतो. मग लख्ख झालेल्या धातूवर कथिलाची कांडी टेकवली की २३२ अंशांना वितळणारे कथील पसरते आणि तांब्याला धातुबंधाने धरून बसते. ऑक्साइडचा थर मध्ये असता तर ते धरले नसते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात सारणी वाचायला शिकायचे: आवर्त, गण, अणूचा आकार, आयनीभवन ऊर्जा. दुसऱ्या भागात क्लोराइडे, ऑक्साइडे आणि हायड्राइडे घेऊन सारणीभर फिरायचे. तिसऱ्या भागात त्रिकोण, आणि चौथ्या भागात जिथे त्रिकोणही कमी पडतो ती संयुगे. पुंज यांत्रिकी जाणूनबुजून टाळली आहे. बंध मुळात का होतो याचे खरे उत्तर तिच्याकडेच आहे, पण ती न शिकताही बंधाबद्दल पुष्कळ खरे बोलता येते, हे मेंडेलीव्ह यांनी दाखवून दिले आहे. हायड्रोजन बंध आणि व्हान डर वाल्स बले यांचा उल्लेख गरजेपुरताच येतो. ती बहुतांशी रेणूंमधली बले आहेत, आणि या पुस्तकाचा विषय अणूंमधला बंध आहे.

शिक्षकांना एक विनंती. ‘बंधाचा प्रकार ओळखा’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर स्वीकारू नका. विद्यार्थ्याला संयुग त्रिकोणात कुठे बसेल ते दाखवायला सांगा, आणि ते तिथे बसते हे पदार्थाच्या कोणत्या गुणावरून तपासता येईल तेही विचारा. वितळल्यावर वीज वाहते का, हा प्रश्न पुष्कळदा पुरेसा असतो.

आणि वाचकांना सूचना. हे पुस्तक वाचताना सारणी शेजारी उघडी ठेवा. प्रत्येक संयुगापाशी थांबा, त्याची संयुजा पाहा, दोन्ही मूलद्रव्यांच्या जागा पाहा, फरक आणि सरासरी काढा, आणि पदार्थ घन असेल की द्रव की वायू याचे आपले उत्तर पेन्सिलीने समासात लिहा. खरा आकडा त्यानंतर पाहा. उत्तर आधी वाचून मग कारण शोधण्यापेक्षा या रीतीला वेळ जास्त लागतो, पण भाकीत करायला शिकण्याची याहून दुसरी रीत नाही.